पूर्व भागातलं देणं

मुलगी पोटात होती तेव्हापासूनच आमच्या घरात एक प्रश्न ठाण मांडून बसला होता. बाळंतपणाची रजा संपली की हिला सांभाळायचं कुणी? नोकरी करणाऱ्या प्रत्येक बाईच्या घरी हा प्रश्न असतो, पण तिथं तो सकाळी दहा ते संध्याकाळी सहापुरता असतो. माझ्या घरी तो चोवीस तासांचा होता. बार्शी तालुक्यातल्या आमच्या खेड्यात १९७७ साली, मी दीड वर्षाची असताना, तापाचं निमित्त होऊन पोलिओ झाला आणि दोन्ही पायांतली ताकद गेली. उजव्या पायाला मांडीपासून कॅलिपर, काखेत दोन कुबड्या. उभी राहिले की दोन्ही हात कुबड्यांचे. उभं तरी राहायचं, नाही तर बाळाला तरी घ्यायचं, एवढंच माझ्या हातात होतं.

नवरा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात. पाळी बारा तासांची, एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची. घरी असला की तो मुलीचं सगळं करायचा, अजूनही करतो. पण रात्रपाळी करून आलेल्या माणसाला किती जागं ठेवणार? सासूबाई आमच्या लग्नाआधीच गेलेल्या. आईला दम्यानं घेरलेलं. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यानं ३ टक्के जागा राखून ठेवल्या, म्हणून केंद्र सरकारच्या एका कचेरीत मला लिपिकाची नोकरी लागली होती. ती सोडणं परवडणारं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर सोडायची माझी इच्छाही नव्हती. नोकरी लागेपर्यंत गावात मी सगळ्यांची ‘बिचारी’ होते. पगार सुरू झाला त्या महिन्यापासून मला नावानं हाक मारायला लागले.

‘तुला हे झेपणार आहे का?’ असं मला सगळ्यांनी विचारलं. नातेवाइकांनी विचारलं, कचेरीत विचारलं, एका दवाखान्यात तर तपासणीच्या टेबलावर असताना विचारलं. नवऱ्याला मात्र कुणीच विचारलं नाही. अपंगांच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा एक करार आहे, भारतानं तो २००७ मध्ये मान्य केला. त्याच्या २३ व्या कलमात लिहिलंय की अपंग माणसाला घरसंसाराचा आणि मुलंबाळं होऊ देण्याचा हक्क आहे आणि मूल वाढवताना त्याला लागेल ती मदत सरकारनं करावी. मला हे कलम पुष्कळ वर्षांनी वाचायला मिळालं. वाचताना डोळ्यांपुढं आली ती आमच्या बोळातली अक्का. तिनं कुठलं कलम वाचलेलं नव्हतं. तिला मराठी अक्षर येत नव्हतं आणि तेलुगू अक्षरही येत नव्हतं.

आम्ही राहायचो ते पूर्व भागात, अशोक चौकाच्या पलीकडं. सोलापूरकराला पूर्व भाग म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. बाहेरच्यांसाठी सांगते. हा मागांचा आणि विड्यांचा भाग. तेलंगणातून पोटासाठी आलेल्या पद्मशाली विणकरांनी तो वसवला. घराघरांतून तेलुगू ऐकू येतं, दुकानांत मराठी, आणि भांडण रंगात आलं की दोन्ही. पुरुष चादरीच्या नाही तर टॉवेलच्या मागावर, बायका उंबऱ्यात बसून विड्या वळणार. जुनी गिरणी, विष्णू, लक्ष्मी, नरसिंगगिरजी या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, तेव्हा कित्येक घरांची चूल या विड्यांवर पेटत राहिली. हे मी ऐकून सांगत नाही. आमच्या बोळात तशी घरं होती.

अक्का आमच्या समोरच्या खोलीत. तेव्हा पन्नाशीला आलेली. तिचा दिवस मी सहा महिन्यांच्या रजेत खिडकीत बसून जवळून पाहिला. तेंदूची पानं आदल्या रात्री भिजवून ओल्या गोणपाटात गुंडाळलेली. पहाटे पत्र्याचा नमुना पानावर धरून कात्रीनं तुकडे कापायचे, ते काम इतक्या वेगात की कात्रीचा आवाज सुटा ऐकूच यायचा नाही. मग मांडीवर सूप, सुपात तंबाखू. एक पान, चिमूटभर तंबाखू, दोन बोटांत गुंडाळी, टोक आत मुडपून दोऱ्याचा वेढा. पंचवीस झाल्या की कट्टा. दिवस मावळताना हजारभर विड्या झालेल्या असायच्या. मग त्या टोपलीत भरून कारखान्यात न्यायच्या, तिथं तपासणारा खराब म्हणून काही बाजूला काढणार, त्यांचे पैसे नाहीत. दुसऱ्या दिवसाचं पान-तंबाखू घेऊन परत.

रजेचे शेवटचे दिवस आले. पाळणाघरं दोन्ही लांब होती आणि एका ठिकाणी जिना होता. मी उंबऱ्यात बसून मुलीला पायांवर घेऊन न्हाऊ घालत होते. अक्का समोरून बघत होती. म्हणाली, ‘कुठं टाकायलीस पोरीला?’ मी म्हटलं, अजून ठरलं नाही. ती म्हणाली, ‘इथं टाक की. मी हाय, सून हाय. एक डोळा सुपात, एक डोळा पोरीवर.’

मी विचारलं, पैसे किती द्यायचे? आता इथं दुसऱ्या कुणी म्हटलं असतं की पैशाचं काय बोलतेस, तुझ्यासारखीसाठी एवढं करायला नको का? ते ‘तुझ्यासारखी’ ऐकत मी मोठी झाले होते. अक्कानं हात थांबवले आणि हिशेब मांडला. पोरगं मांडीजवळ असलं की रोजच्या हजारातल्या दोनशे-तीनशे विड्या कमी होणार. तेवढ्याचे पैसे दे. सून करेल त्याचं वेगळं नको, ती घरातच असते. बस्स. तिनं माझ्या पायांकडं बघितलंही नाही. माझ्यावर उपकार करायचे नाहीत हे तिनं ठरवून केलं की तिचा स्वभावच तसा, हे मला अजून कळलेलं नाही. पण त्या दुपारी मला जे वाटलं ते मी विसरणार नाही. माझ्याशी कुणीतरी सरळ व्यवहार करत होतं.

त्या पैशाची सोय कशी झाली तेही सांगण्यासारखं आहे, कारण त्यात दुसरं एक देणं आहे. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये अपंगत्वाच्या दाखल्याच्या रांगेत आम्हा काही जणांची ओळख झाली होती. पुढं महिन्यातून एका रविवारी पार्क चौकाजवळच्या हुतात्मा बागेत आम्ही जमायला लागलो. त्यात रेल्वेत टेलिफोन ऑपरेटर असलेले एक अंध दादा होते. सरकारी परिपत्रकं ते कुणाकडून तरी वाचून घ्यायचे आणि एकदा ऐकलेलं तारखेसकट लक्षात ठेवायचे. त्यांनी मला सांगितलं, सहाव्या वेतन आयोगानंतर २००८ च्या नोव्हेंबरात केंद्राचा आदेश निघालाय, अपंग महिला कर्मचाऱ्याला मूल दोन वर्षांचं होईपर्यंत महिना १,००० रुपये विशेष भत्ता. आमच्या कचेरीत या भत्त्यासाठी अर्ज करणारी मी पहिलीच. हिशेब विभागाला आदेश ठाऊक नव्हता. दादांनी त्यांच्या कचेरीतून झेरॉक्स मिळवली आणि स्वतः पांढऱ्या काठीनं रस्ता चाचपत माझ्यापर्यंत आणून दिली. तो भत्ता हातात पडला की मी तसाच अक्काच्या हातावर ठेवायची. मुलगी दोन वर्षांची झाली, भत्ता थांबला. मी बोलायच्या आधीच अक्का म्हणाली, ‘आता पोरगी खेळती. माझे हात मोकळे झाले. आता कमी दे.’ हिशेब वाढवताना जशी सरळ, तशीच कमी करतानाही.

तंबाखूची मला धास्ती होती. अक्काला माझ्याहून जास्त होती, कारण तिची स्वतःची दोन मुलं त्या धुळीत वाढली होती आणि थोरल्याचा खोकला कधी गेला नव्हता. तिनं सूप बाहेरच्या ओट्यावर नेलं. मुलगी आतल्या खोलीत, सुनेपाशी. मुलीला घ्यायच्या आधी अक्का साबणानं कोपरापर्यंत हात धुवायची आणि विड्यांना बसताना लुगड्यावर गुंडाळलेलं जुनं धडपं सोडून ठेवायची. पावसाळ्यात ओट्यावर पाणी यायचं. त्या दिवसांत तिचं काम किती बुडलं असेल, याचा हिशेब मात्र तिनं मला कधी सांगितला नाही.

अक्का दिवसाची. संध्याकाळी सहानंतर आणि रात्रपाळीच्या आठवड्यात मी आणि मुलगी दोघीच. बाळाला खाटेवरून मोरीपर्यंत न्यायचं कसं, रात्री दूध गरम करायला उठले तर तिला ठेवायचं कुठं? हे प्रश्न बालसंगोपनाच्या पुस्तकात नसतात. ते आमच्या रविवारच्या मंडळीत होते, कारण तिथं एक शिंपीदादा होते, माझ्यासारखेच पोलिओचे, दोन मुलांचे बाप. त्यांनी मला पहिली गोष्ट सांगितली की घरात कुबड्या सोडायच्या. घर जमिनीवर आणायचं. शेगडी खाली, बाळाचे कपडे खालच्या कप्प्यात, अंथरूण खाली. जमिनीवर आलीस की तुझे हात तुझे. जन्मभर मला उभं राहायला शिकवलं होतं. हाजीअलीच्या पुनर्वसन संस्थेत लहानपणी महिनोन् महिने तेवढंच केलं होतं. आई म्हणून जगायला जमिनीवर बसायला शिकावं लागलं आणि ते मला शिंपीदादांनी शिकवलं. त्यांनी टॉवेलच्या जाड कापडाची एक झोळी शिवून दिली, खांद्यावरून आणि कमरेला बांधायची. बाळ छातीशी घट्ट आणि मी हातांवर सरकत मोरीपर्यंत.

मुलगी जड झाल्यावर झोळी पुरेना. तेव्हा नवऱ्याच्या कारखान्यातला जॉबर घरी आला. जॉबर म्हणजे माग बिघडला की ज्याच्याकडं सगळे धावतात तो माणूस. त्यानं खोली बघितली, फरशी बघितली, मला सरकताना बघितलं. आठवड्यानं एक बुटका पाट घेऊन आला. खाली जुन्या मागाच्या बेअरिंगची चार चाकं, तिन्ही बाजूंना वीतभर उंच कठडा, पुढं पट्टा, आणि मागं एक खाच. खाच कशाला, म्हणून विचारलं, तर म्हणाला, ‘वहिनी, कुबडीचं टोक यात बसतंय. उभ्या उभ्या ढकला.’ बेअरिंगचा आवाज होऊन पोरगी उठू नये म्हणून त्यानं चाकांना सायकलच्या ट्यूबची पट्टी चढवली होती. अमेरिकेत बर्कलीला ‘थ्रू द लुकिंग ग्लास’ नावाची संस्था आहे, १९८२ पासून ती अपंग आईबापांसाठी काम करते आणि बाळाला उचलायची, न्यायची खास साधनं तयार करते, असं मी पुढं वाचलं. वाचून आनंद झाला. असं काम करणारी संस्था प्रत्येक जिल्ह्याला हवी, प्रत्येक सरकारी दवाखान्यात त्याचा एक कोपरा हवा, असं मला तळमळून वाटतं. कारण प्रत्येक अपंग आईच्या नवऱ्याच्या कारखान्यात असा जॉबर असेलच असं नाही.

रविवारच्या त्या बैठकीनं मला काय दिलं हे नुसत्या युक्त्यांत मावत नाही. कचेरीत जेवणाच्या सुट्टीत बायका मुलांविषयी बोलायच्या. कुणाच्या मुलामागं धावून दम लागला, कुणी कडेवरून उतरतच नाही. मी हसून ऐकायची. त्या वाईट नव्हत्या, पण माझी भीती त्यांना सांगून कळली नसती. मुलगी चालायला लागली तेव्हा माझी झोप उडाली होती. ती रस्त्याकडं पळाली तर मी तिच्यामागं धावू शकणार नाही, हे मला दिवसरात्र दिसत होतं. हे मी मोठ्यानं पहिल्यांदा बोलले ते हुतात्मा बागेत. कुणी ‘असं होणार नाही’ म्हणालं नाही. शिंपीदादा म्हणाले, आवाजावर थांबायला शिकव. घरात खेळ म्हणून शिकव. ‘थांब’ म्हटलं की दगड व्हायचं. अंध दादांनी सांगितलं, त्यांच्या मुलाच्या पायात त्यांनी तीन वर्षं वाळा ठेवला होता आणि वाळ्याचा आवाज बंद झाला की त्यांना जास्त काळजी वाटायची. मग आम्ही सगळेच आपापल्या भीती सांगत बसलो. पोरं गवतावर खेळत होती. भेळ आली, ती संपली, दुसरी मागवली. आमची मुलं खरंच आवाजावर थांबतात. माझी मुलगी चालत्या रस्त्याकडेला माझ्या एका हाकेवर जागच्या जागी थांबलेली मी पाहिली आहे.

२०११ च्या जानेवारीतला पल्स पोलिओचा रविवार. अक्कानं मुलीला कडेवर घेतलं आणि आम्ही बूथवर गेलो. मी आग्रहानं गेले. माझ्या मुलीच्या तोंडात ते दोन थेंब पडताना मला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचे होते. थेंब पडले, करंगळीला शाई लागली. तिथल्या आरोग्यसेविकेनं माझा कॅलिपर पाहिला आणि जरा बिचकत विचारलं, पलीकडच्या बोळात एक घर दार उघडत नाही, तुम्ही याल का? मला ते आवडलं नाही. आपलं शरीर कुणाला भीती घालायला वापरलं जावं, असं कुणाला वाटेल? पण आतल्या बाळाचा विचार आला आणि मी गेले. दार वाजवलं, माझं नाव सांगितलं, माझ्या वेळी आमच्या गावात हे औषध आलं नव्हतं, एवढंच बोलले. त्या आईनं बाळ बाहेर आणलं. भारतातल्या पोलिओच्या शेवटच्या रुग्णाची लागण त्याच महिन्यातली, १३ जानेवारीची, हावडा जिल्ह्यातली. २७ मार्च २०१४ ला देश पोलिओमुक्त जाहीर झाला, ती बातमी मी अक्काच्या ओट्यावर बसून मोठ्यानं वाचून दाखवली. तिनं सुनेला चहा टाकायला सांगितला.

आमच्या बोळात मला एक काम लागलं होतं, ते इथं सांगायला हवं. विडी कामगार बाईच्या घरात कागदांचा ढीग असतो. कामगार म्हणून ओळखपत्र, प्रॉव्हिडंट फंडाचा नंबर, पोरांच्या शिष्यवृत्तीचे अर्ज, घरकुलाचे अर्ज. मालक बदलला, नाव एका कागदावर माहेरचं आणि दुसऱ्यावर सासरचं, जन्मतारीख तीन ठिकाणी तीन. मी दिवसभर कचेरीत तेच करत होते, त्यामुळं मला त्यातलं कळायचं. संध्याकाळी मुलीला घ्यायला ओट्यावर टेकले की एकेक बाई पिशवी घेऊन यायची. मी अर्ज भरायचे, त्यांच्यातली कुणी माझं दळण आणायची, कुणी पाण्याच्या दिवशी आमच्या घागरी भरायची. सोलापुरात पाणी चार-चार दिवसांनी यायचं आणि ते रात्री-अपरात्री यायचं; ज्याला घागर उचलता येत नाही त्यालाच कळेल त्या भरलेल्या घागरींचं मोल. मला या शहरानं माणसांत घेतलं ते या ओट्यावर. तिथं मी कुणाच्या दयेवर बसलेली नव्हते, माझी वाट बघितली जायची.

अक्का आडम मास्तरांच्या मोर्चांना कधी चुकायची नाही. नरसय्या आडम मास्तरांनी कामगारांच्या घरांसाठी उभी हयात घातली. कुंभारीची गोदूताई परुळेकर वसाहत, विडी कामगार बायांची दहा हजार घरं, त्यातूनच झाली. अक्काचा नंबर त्यात लागला नव्हता. तिची आशा पुढच्या योजनेवर होती. मोर्चाच्या दिवशी ती मुलीला सांभाळणार नाही, हे पहिल्यापासून ठरलेलं. एकदा नवरा आजारी, माझी रजा शिल्लक असून मंजूर होईना, तेव्हा मुलगी अक्काच्या कडेवर बसून मोर्चाला गेली. संध्याकाळी घरी येऊन मूठ वर करून घोषणा देत होती, त्याही तेलुगूत. ती आधी तेलुगू बोलली. मला ‘आई’ म्हणते, अक्काला ‘अम्मा’. नवरात्रात बतुकम्माच्या फुलांच्या उतरंडीभोवती बायका फेर धरतात, त्यात ती चार वर्षांची असल्यापासून आहे. संक्रांतीला अक्काकडं तांदळाच्या पिठाच्या सकिनालू व्हायच्या आणि आमच्याकडून शेंगांच्या पोळ्या जायच्या.

शाळेविषयी थोडक्यात. पहिल्या शाळेत पालकसभा दुसऱ्या मजल्यावर, आणि ‘वडिलांना पाठवा’ हे त्यांचं उत्तर. दुसऱ्या शाळेतल्या वर्गशिक्षिका पहिल्याच सभेला वही घेऊन खाली आल्या आणि व्हरांड्यात पायरीवर बसल्या. बाकीच्या आयाही मग खालीच बसल्या. पुढच्या सभेपासून तीच जागा ठरली. त्या बाईंना मी नंतर भेटून आभार मानले तर त्यांना त्यात आभार मानण्यासारखं काय आहे तेच उमगेना.

आता माझी पन्नाशी सरत आलीय. चाळिशीनंतर हातांत, खांद्यांत नवीच दुर्बलता आली. पोलिओ झालेल्या पुष्कळांना तीस-चाळीस वर्षांनी असं होतं, डॉक्टर त्याला पोस्ट पोलिओ सिंड्रोम म्हणतात. उरलेल्या मज्जापेशींनी इतकी वर्षं दुप्पट काम केलं, त्या थकतात. खांदे वाचवायचे तर आता चाकाची खुर्ची घ्या, असं पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं. कॅलिपरसाठी पुण्याला जाणं वर्षानुवर्षांचं. सकाळी हुतात्मा एक्स्प्रेसनं जायचं, रात्री परत. रेल्वेच्या सवलतीत माझ्याबरोबर एका सोबत्यालाही तिकिटात सूट मिळते, आणि नवऱ्याला सुट्टी नसली की सोबतीला अक्का असायची. एक दिवसाच्या विड्या बुडवून. डब्यात शेंगाचटणी आणि भाकरी, भिगवण मागं पडलं की ती सोडायची. खुर्चीचं ऐकून मी गप्प झाले होते. अंध दादांनी मला कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचं ‘चाकाची खुर्ची’ पाठवून दिलं. ऐन तारुण्यात पाय गेल्यावर १९८४ मध्ये ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ उभी करणारी ती बाई. पुस्तकानं मन तयार झालं. अक्कानं वेगळंच काम केलं. ती आमच्या दारात उभी राहिली, हातभर दोऱ्यानं चौकट मोजली आणि म्हणाली, ‘खुर्ची यात बसंना. आधी दार मोठं करायला सांग.’ दार मोठं झालं. मग खुर्ची आली. कचेरीतही २०१६ च्या नव्या कायद्याचा आधार घेऊन अर्ज दिला आणि माझं टेबल तळमजल्यावर आलं. त्यासाठी माझ्या शेजारच्या बाईंनी आपली खिडकीजवळची जागा न मागता सोडली.

१९ जानेवारी २०२४ ला कुंभारीत रे नगरच्या पंधरा हजार घरांचं पंतप्रधानांच्या हस्ते लोकार्पण झालं. त्यात अक्काचं घर आहे. त्याच्या अर्जापासूनचे सगळे कागद मी लिहिलेत, म्हणून किल्ली मिळाली तेव्हा तिनं ती आधी माझ्या हातात दिली. समोरची खोली रिकामी झाली त्या आठवड्यात आमच्या घरात कुणालाच जेवण गेलं नाही. आनंद आणि तुटणं असं एकदमच आलं. मुलगी बाजूला चाकं लावलेल्या माझ्या स्कूटीवर मागं बसते आणि रविवारी आम्ही अक्कलकोट रस्त्यानं तिच्याकडं जातो. तिच्या दाराला दोन पायऱ्या आहेत. अक्काच्या लेकानं त्यावर टाकायला एक जाड फळी करून ठेवलीय, ती इतर दिवशी खाटेखाली असते.

अक्काला पेन्शन आहे. २०१४ पासून कमीत कमी हजार रुपये ठरलेत, तेवढेच. त्यासाठी दरवर्षी हयातीचा दाखला लागतो आणि यंत्रावर बोट टेकवावं लागतं. चाळीस वर्षं तेंदूची पानं वळून तिच्या बोटांवरच्या रेषा पुसल्या गेल्यात. अंगठा धरून बघितला तर गुळगुळीत लागतो, नुसता. यंत्र तिला ओळखत नाही. एक वर्ष पेन्शन अडकली तेव्हा आम्ही खूप खेटे घातले. आता फोनवर चेहरा दाखवून दाखला निघतो. ते काम माझी मुलगी करते; अक्काला उजेडाकडं तोंड करून बसवते, पदर नीट करते, डोळे कधी मिटायचे ते तेलुगूत सांगते. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर पहिल्या वर्षी चार वेळा करावं लागलं, पण झालं.

या खेपेला दाखला काढून झाल्यावर चहा पिताना मी म्हटलं, खुर्चीच्या गादीचं माप द्यायला पुण्याला बोलावलंय, या वेळी पोरगीच येईल बरोबर. अक्का मुलीला म्हणाली, तुझी बारावी हाय, तू क्लास बुडवायचा नाही. मग माझ्याकडं वळली. ‘तारीख कधीची हाय ते आठ दिवस आधी सांग. इथनं पहाटे रिक्षा मिळत नाही, लेकाला सांगून ठेवावं लागतंय.’